वाघ्याची गाठ

रुग्ण : वाघ्या. देशी, नर, वय अंदाजे पाच वर्षं, वजन 18 किलो. नसबंदी झालेली नाही. मुक्काम बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याचा ओटा. रेबीजची लस दरवर्षी. तक्रार : लघवीतून रक्त जातंय.

केसपेपरवर ही ओळ मी ऐकली तशी उतरवली आणि पहिली चूक तिथेच केली. रक्त लघवीतून जात नव्हतं, लघवीच्या वाटेवरून टपकत होतं. वाड्यातल्या वहिनींनी नीट सांगितलंही होतं, “सकाळी तो झोपून उठला की कोट्याच्या फरशीवर थेंब पडलेले असतात.” झोपलेला कुत्रा लघवी करत नसतो. पण तो वासी उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीनंतरच्या पतंगदिवसाच्या, दुसऱ्या दिवसाचा दवाखाना होता. बडोद्यात पतंगवाल्यांचे दोन दिवस संपले की आमचे सुरू होतात. टेबलावर मांज्याने पंख चिरलेली कबुतरं, बाहेर खोक्यांत आणखी कबुतरं, आणि एक घार, जिला टाके घालताना दोघांनी धरावं लागलं होतं. त्या गर्दीत मी वाघ्याचं पोट चाचपलं, लघवीचा नमुना घेतला, त्यात तांबड्या पेशी दिसल्या, आणि मूत्राशयाला सूज आहे असं ठरवून दहा दिवसांचं अँटिबायोटिक लिहून दिलं. शिश्नावरची कातडी पूर्ण मागे सारून पाहायला हवी होती. वाघ्या गुरगुरला आणि मी तो नाद सोडला. वाटेतच रक्त मिसळत असेल तर लघवीत तांबड्या पेशी दिसणारच, हे तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगता येतं.

दहा दिवसांनी ते परत आले. रक्त मधे कमी झालं होतं, पुन्हा वाढलं होतं. या वेळी भूल देऊन कातडी मुळापर्यंत मागे सारली. शिश्नाच्या बुडाशी लिंबाएवढी गाठ होती, फुलकोबीच्या गड्ड्यासारखी, लालभडक, हात लागताच तुकडे सुटतील अशी ठिसूळ. पाहताक्षणी ओळखावी अशी गाठ. आम्ही तिला टीव्हीटी म्हणतो, म्हणजे समागमातून पसरणारी कुत्र्यांची गाठ. गाठीवर काच टेकवून ठसे घेतले, वाळवून रंगवले. सूक्ष्मदर्शकाखाली गोल गोल पेशींचं शेत होतं : मोठं गोल केंद्रक, त्यात ठळक केंद्रिका, भोवती फिकट निळं द्रव्य, आणि त्या द्रव्यात ओळीने मांडल्यासारखे स्वच्छ रिकामे ठिपके. हे ठिपके या गाठीची सहीच समजा. विभाजनाच्या मधोमध पकडलेल्या पेशीही जागोजाग होत्या.

मग इतिहास पुन्हा विचारला. वाघ्या भाद्रपदात चार-पाच दिवस गायब होता. गल्लीतल्या कुत्र्यांचा तो हंगाम, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. लागण झाल्यापासून गाठ दिसेपर्यंत दोन ते सहा महिने जातात. भाद्रपद ते पौष-माघ, हिशेब जुळतो.

निदान सोपं होतं. खरं प्रकरण त्यानंतर सुरू झालं.

वहिनींसोबत त्यांचे सासरे आले होते. कोर्टात शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले, अजूनही खिशाला दोन पेनं. मी त्यांना काका म्हणतो. आठ वर्षांची नात वाघ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मी सांगितलं, हा एक प्रकारचा कर्करोग आहे, दुसऱ्या कुत्र्याकडून लागला आहे, औषधाने बहुतेक पूर्ण बरा होतो. तिसरा भाग कुणाच्या कानात शिरलाच नाही. वहिनींनी नातीचा हात कुत्र्याच्या डोक्यावरून उचलून घेतला.

काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “डॉक्टर, हिच्या आजीला स्तनाचा कर्करोग होता. शेवटची दोन वर्षं आमच्याकडे चहा घ्यायला माणसं कचरायची. सत्यनारायणाचा प्रसाद लोक हातात घ्यायचे आणि जिन्यात ठेवून जायचे. मी एकेकाला सांगत फिरलो, कर्करोग लागत नाही, शास्त्रात तसं आहे. आता तुम्ही म्हणता, लागतो.”

यावर “हा वेगळा आहे” एवढं म्हणून भागलं असतं, आणि एरवी मी तेवढंच म्हणतो. त्या दिवशी तसं म्हणवलं नाही. मी म्हणालो, “काका, दोन्ही खरं आहे.” ते म्हणाले, “पुरावा काय?” पुढच्या पाच आठवड्यांत, वाघ्याला सलाइन चालू असताना, आमचं बोलणं याच दोन शब्दांभोवती फिरत राहिलं. ते इथे सलग लिहितो, बोलताना ते इतकं सरळ गेलं नव्हतं.

बाहेरून आलं ते काय होतं?

कर्करोग एका प्राण्यातून दुसऱ्यात गेला असं दिसलं, तर गेलं ते काय, हा पहिला प्रश्न. तीन उमेदवार असू शकतात : विषाणू, जनुक किंवा आख्खी जिवंत पेशी.

कोंबड्यांच्या बाबतीत याचं उत्तर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी मिळालं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये पेटन राऊस यांच्याकडे 1909 मध्ये एक शेतकरी गाठ आलेली कोंबडी घेऊन आला. राऊस यांनी गाठ वाटली, एकही पेशी पलीकडे जाणार नाही अशा बारीक गाळणीतून तिचा रस गाळला, आणि तो दुसऱ्या कोंबड्यांना टोचला. त्यांनाही गाठी आल्या. 1911 मध्ये हे छापून आलं तेव्हा फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नोबेल मिळालं 1966 मध्ये, वयाच्या 87 व्या वर्षी. गाळणीतून गेलेला तो विषाणू होता. म्हणजे कोंबडीच्या खटल्यात आरोपी विषाणू, आणि तो स्वतःसोबत एक जनुक घेऊन फिरत होता. त्या जनुकाचं नाव पुढे सार्क पडलं.

कुत्र्याच्या गाठीचा प्रयोग त्याहून जुना आहे. सयाजीराव महाराज 1875 मध्ये गादीवर आले. त्याच्या पुढच्याच वर्षी रशियातल्या नोव्हिन्स्की नावाच्या पशुवैद्याने ही गाठ एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखवली. आमच्या धंद्यातल्या माणसाने केलेला हा प्रयोग माणसांच्या डॉक्टरांना फारसा ठाऊक नसतो, म्हणून मुद्दाम सांगतो. पुढच्या संशोधकांनी राऊसची युक्ती इथे वापरून पाहिली. गाळलेल्या रसाने गाठ येईना. मारलेल्या पेशींनीही येईना. जिवंत पेशी टोचली तरच यायची.

काका म्हणाले, “हे परिस्थितीजन्य झालं. पेशी दुसऱ्याची आहे हे सिद्ध करा.”

त्याचे दोन पुरावे आहेत. एक, गुणसूत्रं. कुत्र्याच्या पेशीत 78 असतात. या गाठीच्या पेशींत ती साठीच्या आसपास भरतात, कारण बरीचशी एकमेकांना चिकटून मोठी झाली आहेत, आणि वेगवेगळ्या देशांतल्या गाठींत हा विस्कोट एकसारखाच आढळतो. दुसरा पुरावा जास्त पक्का. 2006 मध्ये लंडनमधल्या एका गटाने इटली, भारत आणि केनियातल्या कुत्र्यांच्या गाठी आणि त्याच कुत्र्यांचं रक्त यांचा डीएनए ताडून पाहिला. गाठ ज्या कुत्र्याला आली त्याच्याशी तिचा डीएनए जुळत नव्हता. भारतातली गाठ केनियातल्या गाठीशी मात्र जुळत होती.

“म्हणजे वाघ्याची गाठ वाघ्याची नाही,” काका म्हणाले.

नाहीच. ती एका दुसऱ्याच कुत्र्याच्या शरीराचा उरलेला तुकडा आहे. तो मूळ कुत्रा कधी होऊन गेला याचा अंदाज 2019 मध्ये 43 देशांतल्या 546 गाठी तपासून काढला गेला : 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी, बहुधा आशियात. तो मेला, त्याची एक पेशी समागमातून दुसऱ्यात उतरली, तिथून तिसऱ्यात, आणि असं करत करत दांडिया बाजारापर्यंत आली. नात म्हणाली, “म्हणजे तो कुत्रा अजून जिवंत आहे?” मला उत्तर सुचलं नाही. अजूनही नीटसं सुचलेलं नाही.

इथे काकांचा निम्मा प्रश्न सुटला. काकूंच्या शरीरातून कुणाकडे काही जात नव्हतं. त्यांची पेशी त्यांच्यातच बिघडली, आणि ती दुसऱ्याच्या शरीरात पडली असती तरी तिथल्या रक्षकपेशींनी परकी म्हणून तिचा फडशा पाडला असता. प्रत्येक पेशी आपल्या पृष्ठभागावर ओळखीच्या खुणा मिरवत असते. त्यांना एमएचसी म्हणतात. किडनी बसवताना जुळवाजुळवीची एवढी यातायात याच खुणांपायी. कुत्र्याच्या या गाठीने, वाढीच्या काळात, त्या खुणा जवळपास उतरवून ठेवल्या आहेत. शिवाय ती भोवतालच्या रक्षकपेशींना मंदावणारी द्रव्यं सोडते. ओळखपत्रच नसलेला माणूस सोसायटीत शिरावा आणि वॉचमनला पेंग यावी, तसा प्रकार. माणसापर्यंत मात्र तिची मजल जात नाही. कुत्रा आणि त्याचे कोल्ह्या-लांडग्यांसारखे भाऊबंद, एवढंच तिचं गाव. नातीचा हात पुन्हा वाघ्याच्या डोक्यावर गेला तो या वाक्यानंतर. रक्ताच्या थेंबांना हात लावू नये आणि फरशी फिनेलने पुसावी, हे मी तरीही सांगितलं. ते साध्या स्वच्छतेपुरतं.

एक पोटकलम काकांनीच काढलं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग विषाणूने होतो असं त्यांनी वाचलं होतं. बरोबर आहे. तिथे एचपीव्ही हा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातो, गाठ जात नाही. विषाणूची दोन प्रथिनं पेशीतले दोन चौकीदार निकामी करतात, आणि मग वर्षानुवर्षांनी, काहींमध्येच, त्या बाईची स्वतःची पेशी बिघडते.

ती पहिली पेशी बिघडली कशी?

या भागाला सगळ्यात जास्त वेळ लागला. कारण इथे काकांची, आणि खरं तर बहुतेकांची, समजूत अशी असते की कर्करोगाचं जनुक हा बाहेरून आलेला चोर आहे. वस्तुस्थिती बरोबर उलटी निघाली.

कोंबडीच्या विषाणूतलं सार्क जनुक वेगळं काढल्यावर बिशप आणि व्हार्मस या अमेरिकी संशोधकांच्या गटाने 1976 मध्ये दाखवलं की तसंच जनुक निरोगी पक्ष्यांच्या डीएनएमध्येही आहे, विषाणूचा वाराही न लागलेल्या पक्ष्यांमध्ये. नंतर ते माणसातही सापडलं. विषाणूने ते कधीतरी कोंबडीकडूनच उचललं होतं. 1989 चं नोबेल या शोधाला आहे. घरच्या पेशीत सार्क प्रामाणिक नोकर असतं. वाढीचा निरोप आला की पुढच्या प्रथिनांवर फॉस्फेट चिकटवून तो निरोप पुढे ढकलायचा, एवढं त्याचं काम. काम नसताना त्याचं शेपूट आत वळतं आणि प्रथिन स्वतःलाच कुलूप लावून बसतं. विषाणूतल्या प्रतीचं हे शेपूट तुटलेलं आहे. कुलूपच नाही, त्यामुळे निरोप असो-नसो, ते दिवसरात्र फॉस्फेट चिकटवत सुटतं.

अशा जनुकाला ऑन्कोजीन किंवा कर्कजनुक म्हणतात, आणि त्याच्या निरोगी रूपाला आदिकर्कजनुक. ‘कर्क’ हा शब्द त्या बिचाऱ्या निरोगी जनुकाच्या गळ्यात उगाच पडला असं माझं मत आहे. बिघाड आधी सापडला आणि मूळ काम नंतर कळलं, म्हणून नाव बिघाडावरून पडलं. इलेक्ट्रिकच्या मीटरला ‘आगीचं कारण’ म्हणावं तसं.

या बिघाडाने पेशीत काय बदलतं हे काचेच्या डबीत डोळ्यांनी दिसतं. निरोगी प्राण्याच्या पेशी डबीत वाढवल्या तर त्या तळाला चिकटून पसरतात, शेजारणीला अंग लागलं की थांबतात, आणि एक सपाट थर झाला की वाढ बंद. वाढीसाठी त्यांना रक्तद्रवातले पोषक निरोप लागतात. राऊसच्या विषाणूची लागण केली की त्याच पेशी काही दिवसांत गोलावतात, एकमेकींवर चढून ढिगारे करतात, तळाचा आधार सोडूनही वाढतात आणि तुटपुंज्या पोषणावर भागवतात. प्रयोगशाळेतली माणसं यालाच पेशीचं रूपांतर म्हणतात. वाघ्याच्या स्लाइडवरच्या सुट्या गोल पेशी काकांना दाखवल्या तेव्हा मी हेच ढिगारे डोळ्यांपुढे आणायला सांगितले.

मग विषाणूशिवाय हे होतं का? होतं. माणसाच्या मूत्राशयाच्या गाठीतला डीएनए उंदराच्या पेशींत घातला तर त्या पेशी ढिगारे करू लागतात, आणि 1982 मध्ये त्या डीएनएतला नेमका दोषी तुकडा सापडला : रास नावाचं जनुक. निरोगी रास प्रथिन वाढीचा निरोप आला की जीटीपी हा रेणू धरतं, निरोप पुढे देतं, आणि मग तो रेणू स्वतःच तोडून गप्प होतं. गाठीतल्या रासमध्ये बाराव्या जागेवर ग्लायसिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं आलं होतं. डीएनएमध्ये अवघ्या एका अक्षराचा फरक. तेवढ्याने रेणू तोडता येईना, आणि प्रथिन कायमचं चालू राहिलं. काका खूश झाले. एका दस्तऐवजात ‘न’ हे एकच अक्षर मागाहून घुसडल्यामुळे वाड्याची वाटणी अकरा वर्षं रखडल्याची गोष्ट त्यांनी मला तिथेच ऐकवली.

वाघ्याकडे वळू. त्याच्या गाठीत संशयाची सुई आधी गेली ती मिक या जनुकाकडे. मिकचं प्रथिन पेशीतल्या असंख्य जनुकांना ‘वाढा, विभागा’ असा हुकूम देतं. 1981 मध्ये कोंबड्यांच्या एका वेगळ्या रक्ताच्या कर्करोगात असं दिसलं की तिथल्या विषाणूकडे स्वतःचं कर्कजनुक नव्हतंच. तो फक्त कोंबडीच्या डीएनएमध्ये मिकच्या शेजारी जाऊन बसला होता, आणि त्याच्या दारातल्या दिव्याने शेजारचं मिक अहोरात्र उजळलेलं होतं. चारच वर्षांनी, 1985 मध्ये, इस्रायलमधल्या संशोधकांना कुत्र्यांच्या टीव्हीटीमध्ये जवळपास तसंच चित्र सापडलं. मिकच्या अगोदरच्या जागेत एक आगंतुक तुकडा घुसलेला. तो विषाणू नव्हता. लाइन-1 नावाचा, कुत्र्याच्याच डीएनएमधला उड्या मारणारा तुकडा होता. असे तुकडे आपली नक्कल काढून डीएनएमध्ये दुसरीकडे चिकटवतात आणि बहुतेक वेळा कुणाचं काही बिघडत नाही. हा नेमका मिकच्या दारात पडला. निरोगी कुत्र्यांत त्या जागी तो नसतो. जगभरातल्या टीव्हीटीमध्ये मात्र असतो. म्हणूनच निदानाला शंका असेल तर हा जोड पीसीआर या डीएनए-चाचणीने शोधतात. वाघ्याच्या बाबतीत त्याची गरज पडली नाही. स्लाइड बोलत होती.

“म्हणजे आरोपी सापडला. मिक,” काका म्हणाले.

एकटा नाही. 1983 मध्ये, डबीत मुरलेल्या जुन्या पेशींऐवजी, उंदरांच्या गर्भातून नुकत्याच काढलेल्या ताज्या पेशींवर हे तपासलं गेलं. नुसतं बिघडलेलं रास घातलं, पुरतं रूपांतर होईना. नुसतं मिक घातलं, तरी होईना. दोन्ही मिळून घातली तेव्हा पेशी गाठी करू लागल्या. मिक अति झालं तर पेशी उलट आत्मनाशाचा रस्ता धरते, तीही एक अंगभूत सावधगिरीच.

हे समजवायला मी फिरकी हातात घेतली. दवाखान्यात उत्तरायणातली एक पडून होती, घारीच्या पंखात अडकून आलेली. पतंग वर जायला ढील लागते. ढील म्हणजे मिक, रास, सार्क. पण फिरकी धरणाराचा अंगठाही असतो. कितीही ढील मागितली तरी अंगठा दाबला की फिरकी थांबते. पेशीत असे अंगठे आहेत : आरबी-1, सीडीकेएन-2ए, पीटेन. विभाजनाआधी ते पेशीला अडवून ठेवतात किंवा वाढीचा निरोप मधेच विझवतात. 2019 च्या त्याच अभ्यासात असं निघालं की टीव्हीटीच्या अगदी सुरुवातीच्या बिघाडांत मिक आहे, आणि त्यासोबत हे तिन्ही अंगठे निकामी आहेत. डीएनएची मांडणी सांभाळणारं सेटडी-2 हे पाचवं. तेव्हा त्या प्राचीन कुत्र्याच्या एकाच पेशीत ढील सुटली आणि अंगठेही निसटले. या गोष्टी एका रात्रीत घडल्या नसणार. एक बिघाड झालेली पेशी टिकली, तिच्या लेकींपैकी एकीत दुसरा झाला, असं साचत गेलं असणार.

त्यानंतर हजारो वर्षांत या वंशाने आणखी सुमारे 19 लाख बदल गोळा केले. 2014 मध्ये दोन गाठींचा आख्खा डीएनए वाचला तेव्हा हा आकडा निघाला. माणसाच्या गाठीत सहसा हजारांत मोजतात.

आणि इथे काकांचा उरलेला निम्मा प्रश्न सुटला. मिक, रास, आरबी-1 ही जनुकं काकूंमध्ये होती, काकांमध्ये आहेत, माझ्यात आहेत. ती कुणाकडून ‘लागत’ नाहीत, कारण ती सगळ्यांकडे आधीपासूनच आहेत. कुठल्या पेशीत कधी ती बिघडतील एवढाच प्रश्न. वाघ्याला जे लागलं ते बिघडलेलं जनुक सुटं नव्हे. ते ज्या पेशीत फार पूर्वी बिघडलं होतं ती पेशीच्या पेशी अंगात उतरली. काकांनी खिशातलं पेन काढून केसपेपरच्या पाठीमागे काहीतरी लिहिलं आणि घडी करून ठेवलं. मी विचारलं नाही.

उपचार

औषध व्हिन्क्रिस्टिन, आठवड्यातून एकदा शिरेतून. मात्रा किलोमागे 0.025 मिलिग्रॅम, म्हणजे वाघ्याला 0.45 मिलिग्रॅम. औषधाचा थेंबही शिरेबाहेर गेला तर तिथली कातडी सडते, म्हणून आधी सलाइन चालवून सुई शिरेत असल्याची खात्री, मग औषध, मग पुन्हा सलाइन. वाघ्या टेबलावर शांत राहायचा, कारण नात त्याच्या कानाशी पाढे म्हणत बसायची. एकोणीसच्या पाढ्याला ती अडखळायची आणि तो मान उचलायचा.

हे औषध सदाफुलीतून मिळतं. वाड्याच्या चौकात सदाफुलीच्या पाच कुंड्या होत्या. काकांनी लगेच काढ्याची चौकशी केली, तेव्हा मला आवाज चढवावा लागला. पानांत औषध अत्यल्प, विषारी द्रव्यं बरीच, मात्रेचा पत्ता नाही. सदाफुली देवाला वाहा, कुत्र्याला देऊ नका.

पेशी विभागताना गुणसूत्रं दोन बाजूंना ओढायला बारीक तंतूंचा सांगाडा उभा राहतो. व्हिन्क्रिस्टिन तो उभाच राहू देत नाही. सतत विभागणाऱ्या पेशी अर्ध्यात अडकून मरतात. ढील सोडत राहण्याची खोड इथे गाठीच्याच अंगाशी येते. दुसऱ्या मात्रेनंतर गाठ निम्मी झाली, रक्त थांबलं. तिसऱ्या वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी 3,600 पर्यंत घसरलेल्या, कारण अस्थिमज्जेतल्या निरोगी पेशीही सतत विभागत असतात. चार दिवस थांबलो, मात्रा पाव कमी केली. मधे दोन दिवस शौचाला झालं नाही. या औषधाने ते होतं. भोपळा आणि भाताची पेज यावर निभावलं. चौथ्या मात्रेनंतर गाठ दिसेनाशी झाली. पाचवी मी हट्टाने दिली, कारण डोळ्याला न दिसणं म्हणजे संपणं नव्हे.

मेलेल्या पेशी पडल्या की कुत्र्याच्या रक्षकपेशी गाठीत घुसतात, ओळखीच्या खुणा पुन्हा उमटू लागतात, आणि बरंचसं उरलेलं काम शरीरच करतं असं दिसतं. ज्या गाठी आपोआप विरतात त्यांतही हेच घडतं. काढून टाकायला सोपी वाटली तरी नुसत्या चाकूने ही गाठ काढू नये, मागे राहिलेल्या पेशींतून ती पुन्हा उगवते.

पाचव्या मात्रेनंतर तीन आठवड्यांनी वाघ्याची नसबंदी केली. घरात थोडी कुरकुर झाली, विशेषतः काकांची. पण भाद्रपद दरवर्षी येतो, हे वहिनींनी त्यांना माझ्यासमोर सुनावलं.

शेवटच्या तपासणीला कातडी मागे सारून पाहिली : गुलाबी, गुळगुळीत, कुठे व्रण नाही. काकांना म्हटलं, “घ्या, प्रकरण निकाली.”

“निकाल लागला,” ते म्हणाले, “पण आरोपी फरार आहे. वाघ्याला ज्या कुत्रीकडून हे आलं ती कुठे आहे?”

हा प्रश्न मी कधी कुणाला विचारलेला नव्हता, आणि चौदा वर्षांत कुणी मला विचारला नव्हता. चार दिवसांनी गल्लीतल्या मुलांनी सांगितलं, रावपुऱ्याच्या बाजूला एक बदामी कुत्री आहे, मागून रक्त टपकतं, माश्या बसतात, दुकानदार हाकलतात. पोळीच्या तुकड्यांवर तीन संध्याकाळी घालवून त्यांनी तिला रिक्षात घालून आणलं. योनीत गाठ होती, वाघ्याच्या गाठीहून मोठी. काच टेकवली, रंगवली, पाहिली. तेच गोल केंद्रक, तेच रिकामे ठिपके. वाघ्याची स्लाइड मी ठेवलेली होती. दोन्ही शेजारी ठेवून काकांना आळीपाळीने दाखवल्या.

“यातली वाघ्याची कुठली?” त्यांनी विचारलं.

“एकही नाही,” मी म्हणालो.

वजन भरलं 14 किलो. मात्रा 0.35 मिलिग्रॅम. केसपेपरवर नावाच्या रकान्यात नातीने ‘बदामी’ लिहिलं. मालकाचा रकाना रिकामा होता. काकांनी चष्मा लावला, खिशातलं दुसरं पेन काढलं आणि तिथे वाड्याचा पूर्ण पत्ता लिहिला, पिनकोडसकट.